नवं नाव शेवटी

गुरुवारी जेवणं आटोपल्यावर राजदीप आतल्या खोलीतून बाहेर आला. आईकडे त्याने पाणी मागितलं. तांब्या हातात आला तरी तो प्याला नाही.

"आबा, मला काढलं," तो म्हणाला.

त्याची आई, ताईबाई, भांडी विसळत होती. "कोनी काढं? पंखा बंद पडना का मझार?"

आतला पंखा बंद पडला म्हणून तो बाहेर आला, असं तिला वाटलं. मी मात्र त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजलो.

देवपूरच्या आमच्या घरातली आतली खोली म्हणजे त्याचं ऑफिस. कंपनी पुण्याची, आणि कंपनीचं गिऱ्हाईक परदेशातलं: औषधं साठवून दवाखान्यांना पोचवणारी मोठी गोदामं. त्या गोदामांचा कारभार एका जुन्या, अवाढव्य यंत्रावर चालतो. त्याला मेनफ्रेम म्हणतात. राजदीप त्या यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत लिहायचा, असेंब्लरमध्ये. ही भाषा जाणणारी माणसं आता थोडी उरली आहेत, म्हणून माझी नोकरी पक्की, असं तो म्हणायचा. मी कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीची धूळ खात जन्म काढला. तिथल्या पक्क्या नोकऱ्या मी जाताना पाहिल्या होत्या. पण त्याला कधी बोललो नव्हतो.

तो पहिलीत गेला तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून अक्षरं शिकलो. बापलेकात एकच पाटी. तेव्हापासून तो काय लिहितो ते विचारायची मला खोड आहे. दाढीमिशा आलेला मुलगाही न कंटाळता सांगायचा.

"समजा आबा, तिकडचा ऑपरेटर यंत्राला हुकूम देतो. आधी हुकुमाचं नाव, मागून गोदामाचा नंबर. हा नंबर त्याच जागी आला पाहिजे. जागा चुकली की हुकूम चुकला. पण पुढचे काही शब्द कुठेही आले तरी यंत्र ओळखतं. त्यांना कीवर्ड म्हणायचं. माल अडवायचा तर होल्ड. सोडायचा तर रिलीज. रद्द करायचा तर कॅन्सल."

"आणि त्यानं काहीच नाही म्हटलं तर?"

"तर काय धरून चालायचं तेही मीच आधी लिहून ठेवतो. गप्प राहणं हेसुद्धा यंत्राला उत्तरच असतं."

हे शब्द यंत्राला आधी शिकवून ठेवावे लागतात. एक गट उघडायचा आणि त्याखाली एकेका ओळीत एकेक नाव मांडायचं. ऑपरेटरने हुकूम टाईप केला की एक वाचणारा प्रोग्राम तो वाचतो, शब्द गटात शोधतो. पण पुढच्या प्रोग्रामला तो शब्द देत नाही. गटातलं ते कितवं नाव, एवढा आकडा देतो. पहिलं, दुसरं, तिसरं. मला ते आवडलं होतं. जिनिंगमध्येही मुकादम आम्हाला नावाने कुठं हाक मारायचा.

त्याचं शेवटचं काम या गटात एक नाव वाढवायचं होतं: डायव्हर्ट, म्हणजे माल दुसऱ्या गोदामाकडे वळवा. त्याने ते केलं, चालवून पाहिलं, जळगावच्या ललितने ते तपासलं. ललित त्याच्याबरोबरचा, त्याच कामावरचा, घरूनच काम करणारा. हा बदल शनिवारी यंत्रावर चढणार होता. त्याआधी गुरुवारीच कंपनीने माणसं कमी केली. ललितचं नाव राहिलं, राजदीपचं गेलं. त्याचा लॅपटॉप बसल्या जागी बंद झाला. पासवर्ड चालेना, मेल उघडेना. तो बाहेर येऊन पाणी मागतो काय आणि पीत नाही काय, ते यामुळे.

शुक्रवारी तो पांझरा नदीच्या पुलावर कठड्याला टेकून बराच वेळ उभा होता. शेजारच्या पार्वताबाईने पाहिलं आणि ताईबाईला सांगितलं. ताईबाईने मला तेव्हा सांगितलं नाही. तिने फक्त पिशवी भरली आणि म्हणाली, "कानबाईले उद्याच जाऊ. पोऱ्याले घरमा ठेवानं नही."

शनिवारी सकाळी आम्ही गावात होतो. आमचं गाव नरडाण्याहून जवळ, पायीसुद्धा जाता येतं. थोरला भाऊ चिंधा तिथे शेती पाहतो. सगळे त्याला नाना म्हणतात. कानबाई ही आमची देवी; रविवारी ती त्याच्याच घरी बसते. श्रावणात सगळी भाऊबंदकी जमते आणि आदल्या दिवशी रोटाचा गहू मोजला जातो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. त्याच गव्हाच्या पिठाचे रोट होतात आणि ते फक्त आम्हीच खायचे. बाहेरच्याला देत नाहीत, उरू देत नाहीत.

आमच्या घरात हे माप मुक्याने होतं. नाना सुपातून मूठ उचलतो. ज्याची पाळी तो पुढे येतो, पितळी पातेल्याला हात लावतो, मूठ पडते. कोणी कोणाचं नाव घेत नाही. ज्याला त्याला आपला आकडा ठाऊक असतो. सुरतेला गेलेले पुतणे आले नाहीत तर त्यांच्या आकड्याला घरातलं कोणीतरी हात लावतं. आणि एकदा मूठ पडली की सोमवारी कानबाईला निरोप देईपर्यंत त्या माणसाने गावाची शीव ओलांडायची नाही. बापजाद्यांपासून असंच आहे.

यंदा प्रेमराजला, म्हणजे नानाच्या मुलाला, मुलगा झालेला. त्याची पहिलीच मूठ. माप सुरू व्हायच्या आधी सुनेने, ज्योतीने, बाळ खांद्यावर घेऊन विचारलं, "नाना, बाळनी मूठ त्याना बापना मांगेच ना? थोरली पातीना शे तो."

नाना हसला. "थोरली पातीना शे, मना नातू शे, राजा व्हई उद्या. पन नवं नाव शेवटलेच. मझार घुसाडं का बठ्ठासना आकडा सरकस. सुरतवाला आपली म्हणीसन हात लावी, अन मूठ दुसरानी ऱ्हाई." नाव मधे घातलं की मागच्या सगळ्यांचा आकडा सरकतो, हे त्याचं म्हणणं.

"दोन वरीस शेवटले बस, मंग तुना मांगे आखो कोनी येईच," असं कोणीतरी बाळाला म्हणालं. बायका हसल्या.

मग माप सुरू झालं आणि सगळे गप्प झाले. माझी मूठ पडली. राजदीपचा आकडा आला तेव्हा तो पुढे आला, पातेल्याला हात लावला, आणि तिथेच थांबला. मूठ पडली तरी हात उचलेना. मागचा माणूस खोळंबला. नानाने डोळ्याने खुणावलं. राजदीपचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी त्याला दंडाला धरून बाहेर ओट्यावर आणलं.

"आबा," तो कुजबुजला, "मी मधे घातलं."

"काय?"

"नाव. डायव्हर्ट. मी ते शेवटी नाही घातलं. मधे घातलं."

मला तेव्हा काही उमगलं नाही. त्याने ओट्याच्या धुळीत बोटाने एकाखाली एक रेघा ओढल्या. आधी होतं ते: कॅन्सल, होल्ड, रिलीज. होल्ड दुसरं, रिलीज तिसरं. आता त्याने मांडलेलं: कॅन्सल, डायव्हर्ट, होल्ड, रिलीज. होल्ड तिसऱ्या जागी सरकलं.

"इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलं. नीट दिसावं म्हणून," तो म्हणाला. लहानपणी तो गोट्यासुद्धा रंगाने लावून ठेवायचा.

"पण तू चालवून पाहिलं होतंस ना?"

"माझा प्रोग्राम मी नव्या आकड्यांनी पुन्हा बांधला. तो बरोबरच चालतो. पण दर शनिवारी खराब मालावर आपोआप होल्ड लागतो, ते काम दुसऱ्याच एका जुन्या प्रोग्राममधून जातं. मी तो एकदाच पाहिलेला. तो शब्द पाहत नाही आबा, आकडा पाहतो. दोन आला तर अडवतो, तीन आला तर सोडतो."

मग मला कळलं.

"कोणता माल?"

"इन्सुलिन. या आठवड्यात एका गाडीची थंडी तुटली होती. तापलेला माल. अडवा म्हणतील आणि तो सुटेल. सरळ दवाखान्यात जाईल."

आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिकडे शनिवार उजाडतो. बदल तेव्हाच चढणार, आणि पाठोपाठ ते होल्डचं काम चालणार होतं.

त्याने पुण्याला नूतन मॅडमना फोन लावला. त्या त्याच्या वरच्या. फोन स्पीकरवर होता, मी ऐकत होतो.

"राजदीप, तुझ्या कागदपत्रांचं सोमवारी बघू. आज सुट्टी आहे."

"मॅडम, नोकरीचं नाही बोलत. आजचा बदल थांबवा. होल्ड म्हटलं की माल सुटेल."

"म्हणजे? तू काही करून ठेवलंयस का?"

"करून नाही ठेवलं. चुकलंय माझं."

"गुरुवारी तुला काढलं आणि शनिवारी तुला चूक सापडली?"

"मॅडम, तुम्ही फक्त ललितला सांगा, त्याने जुना प्रोग्राम..."

"हे बघ, असं बोलणं धमकी समजतात. मी तुझ्या भल्यासाठी सांगते. हा फोन झाला हे मला वर कळवावं लागेल. पुन्हा करू नकोस."

त्याने पुन्हा केला. लागेना. कंपनीच्या मदतकेंद्राला केला. तिथला मुलगा गोड आवाजात त्याचा कामगार नंबर विचारत राहिला आणि हा नंबर चालू नाही असं सांगत राहिला. स्वतःच्या मेलवरून त्याने लिहिलं, त्याला उत्तर नाही. ललितला लावला. घंटी पूर्ण वाजली. पुन्हा लावला, ललितने कापला. तिसऱ्यांदा फोन बंदच आला.

"तो जळगावला घरीच असणार," राजदीप म्हणाला. "आजचा बदल त्यालाच चढवायचाय." आणि तो चप्पल शोधायला लागला.

नाना दारात उभा होता. "कथा?"

"जळगावले," मी म्हणालो.

"भिकन, मूठ पडनी तुमनी दोन्हीसनी. सोमवारपावत शीव ओलांडानी नही. तुले माहीत शे."

"माहीत शे, भाऊ."

"उद्या कानबाई घरमा येवानी, अन तू पोऱ्याले लीसन निंघना? ज्यास्नी कामवरतून काढं त्यास्नाच करता?"

नानाचं चुकत नव्हतं. एवढ्यात ताईबाई बाहेर आली. तिला साखरेचा आजार आहे. गावात येताना ती आपली इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून आणते आणि नानाच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे ठेवते. तिने आमचं बोलणं ऐकलं होतं.

"जाऊ द्या नाना त्यास्ले," ती पदर डोक्यावर ओढून म्हणाली. "औषधनी गोट शे. मनामायकच कोनी बाई व्हई तठे. तिले काय माहीत, बाटलीमा काय शे ते."

तिच्यासारखीच एखादी बाई तिकडे असेल, या बोलण्यावर नाना बाजूला झाला. पण त्याने तोंड फिरवलं, आणि आम्ही जाईपर्यंत इकडे पाहिलं नाही.

नरडाण्याला गाडी मिळाली ती सगळीकडे थांबणारी. श्रावण असूनही आभाळ कोरडं होतं, डब्यात उकडत होतं. अमळनेर सोडल्यावर एका लहानशा स्टेशनात गाडी क्रॉसिंगसाठी जी थांबली ती हलेचना. समोरच्या बाकावर फैजपूरकडचा एक म्हातारा भरिताची वांगी घेऊन चालला होता. त्याने विचारलं, "दवाखाना का?" मी हो म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

राजदीप दारात जाऊन उभा राहिला. मी मागे जाऊन उभा राहिलो. गाडी सुटली, वेग घेतला, तरी तो दारातून हलेना. बाहेर कपाशीची रानं पळत होती आणि तो खाली खडीकडे पाहत होता.

"आबा, सोडा."

"काय सोडू?"

"शर्ट. मी उडी मारत नाही."

"मी कुठं म्हटलं मारतोस म्हणून."

"मग धरलाय कशाला?"

"वारं फार आहे."

तो हसला नाही. पण आत येऊन बसला. बसल्यावर हळूच म्हणाला, "काल पुलावर मला वाटत होतं, माझं कोणावाचून आणि कोणाचं माझ्यावाचून काही अडत नाही. आज अडलंय तर कोणी ऐकायला नाही." पुढे जळगावपर्यंत तो ललितला फोन पुन्हा पुन्हा लावत राहिला.

ललितचं घर महाबळकडे, तिसऱ्या मजल्यावर. दार त्याच्या बायकोने, दिपमालाने उघडलं. तिचे दिवस भरत आले होते. एक हात कमरेवर ठेवून ती आमच्याकडे पाहत राहिली. ती आत या म्हणायच्या आधी ललित मागून आला.

"तू इथे कशाला आलास? मला सांगितलंय तुझ्याशी बोलायचं नाही. सगळ्या टीमला सांगितलंय." मग मला पाहून त्याचा आवाज उतरला. "आबा, तुम्ही कशाला दगदग केली? बसा."

"फोन घेतला असतास तर नसती केली," मी म्हणालो.

"फोन घेतला असता तर उद्या मीही तुमच्याबरोबर ओट्यावर बसलो असतो."

राजदीप उभाच होता. "ललित, पाच मिनिटं. तू नूतन मॅडमला सांग मी दारावर धिंगाणा घातला, पोलीस बोलव, काहीही कर. पण आधी एक बघ. शनिवारच्या होल्डचा प्रोग्राम उघड. तो आकडा कशाशी ताडून बघतो ते वाच."

"मी ते काम तपासलंय."

"आपण दोघांनीही हे तपासलं नाही."

ललितने माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि तो टेबलाशी बसला. दिपमालाने पाणी आणलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांच्या ओळी वर सरकत होत्या. राजदीप त्याच्या मागे उभा होता, दोन्ही हात पाठीशी बांधून. कळफलकाला हात लावायचा हक्क आता आपला नाही, हे त्याने स्वतःच ठरवलेलं दिसलं. खालच्या रस्त्यावर कोणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

ओळी थांबल्या. ललितही थांबला.

"अरे देवा," तो म्हणाला. "हा तीनवर सोडतोय."

"मग?"

"मग काय! मागे घ्यावा लागेल." तो घड्याळाकडे पाहायला लागला. "चढायला अजून वेळ आहे. तयार ठेवलेला नवा काढून आधीचाच परत लावता येईल. मला अधिकार आहे." आणि मग त्याचे हात कळफलकावरून खाली आले.

"लाव ना," राजदीप म्हणाला.

"कारण लिहावं लागतं, राजा. ऐन वेळी बदल मागे घ्यायचा तर चूक काय, कोणाची, कोणी तपासली, सगळं भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. माझं नाव आहे तिथे तपासणारा म्हणून. परवा तुला काढलं, पुढच्या यादीला त्यांना निमित्तच पाहिजे. हिचं सगळं दवाखान्याचं कंपनीच्या विम्यावर आहे. पुढच्या आठवड्यात..." त्याने बायकोकडे पाहिलं.

दिपमाला म्हणाली, "तुम्ही लिहा जे खरं आहे ते."

"तू गप्प बस गं. तुला काय कळतं?"

"मला एवढं कळतं की ते औषध कोणाच्या तरी अंगात जाणार आहे."

ललितने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला त्याचा राग आला नाही. भीती बसलेला माणूस मी जिनिंगमध्ये खूप पाहिला आहे. पट्ट्यात दुसऱ्याचा हात सापडला तरी खटका दाबायला आधी मुकादमाकडे पाहणारा.

तेव्हा राजदीप वाकला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "असं लिही. राजदीपने तपासायला अर्धंच काम दाखवलं. शनिवारचा प्रोग्राम याच आकड्यांवर चालतो हे त्याला माहीत होतं, ते त्याने लपवलं. आज घरी येऊन त्याने कबूल केलं."

"हे खोटं आहे," ललित म्हणाला.

"तुला अडकू न देता थांबतंय ना? मग लिही."

"अरे, लपवलं म्हटलं की चूक राहत नाही. गुन्हा होतो. असेंब्लरवाले मोजके आहेत, सगळे एकमेकांना ओळखतात. तुला कोण उभं करेल?"

"आज तरी मला कोण उभं करतंय? लिही, वेळ चाललाय."

ललित माझ्याकडे वळला. "आबा, तुम्ही सांगा."

राजदीपनेही माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पाटीवर अक्षर चुकलं की तो असाच पाहायचा, सांगू नका, मीच पुसतो, अशा नजरेने. माझ्या जिभेवर आलं होतं: माझा मुलगा लबाड नाही, त्याने काही लपवलं नाही, तो ओट्यावर धुळीत रेघा ओढत होता तेव्हा मी पाहिलंय. हे बोललो असतो तर ललितने हात आखडला असता. दोघे पुन्हा भांडले असते. तिकडे शनिवार उजाडत होता.

मी काही बोललो नाही.

काही न बोलणाऱ्याचं काय धरायचं ते आधीच ठरलेलं असतं. ललितने होकार धरला. तो लिहायला लागला. इंग्रजीत लिहीत होता, पण माझ्या मुलाचं नाव मला त्यातही वाचता आलं. ते तीनदा आलं. शेवटी राजदीपने स्वतःच्या फोनवरून कंपनीला तसंच कबुलीचं पत्र पाठवलं, म्हणजे ललितच्या म्हणण्याला आधार झाला. पाठवताना त्याचा अंगठा थांबलासुद्धा नाही.

"वरून मंजुरी यावी लागेल," ललित म्हणाला. "आली की लगेच लावतो. तुम्ही जेवून जा."

"नको," राजदीप म्हणाला. "इथे बाहेरचं माणूस आहे असं त्यांना वाटायला नको."

दिपमालाने जिन्यापर्यंत येऊन मला वाकून नमस्कार केला. तिला वाकवत नव्हतं तरी केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

परतीची गाडी निघून गेलेली. त्या रात्री आम्ही स्टेशनजवळच्या धर्मशाळेत पडलो. तिथलं काही सांगण्यासारखं नाही. त्याने फोन उशाला ठेवला होता आणि फोन वाजला नाही.

रविवारी सकाळी नरडाण्याला उतरलो तेव्हा वाजला. ललितचा निरोप होता. राजदीपने वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. मराठीतच होता, मी अक्षर अक्षर लावून वाचला. "जुना परत लावला. होल्ड दोन नंबरनेच गेला. माल अडला. तुझं पत्र वरपर्यंत गेलंय, कंपनीचा वकील तुला नोटीस पाठवेल. आता मला फोन करू नकोस, भाऊ."

"अडला," मी म्हणालो.

"हो." तो फलाटावरच्या बाकावर बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडला. नोकरी गेली तेव्हा मुलगा रडला नव्हता. लोक पाहत होते. पाहू दिलं.

गावाची शीव ओलांडून आम्ही आत आलो. नानाच्या घरी कानबाई बसली होती. चौरंगावर नारळ, नथ, नवं लुगडं, पुढे दिवे. माजघरात रोटाची पंगत बसत होती, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, आकड्याने. माझ्या जागी पाट नव्हता. राजदीपच्याही नव्हता. मागची माणसं पुढे सरकून बसली असतील असं मला वाटलं. पण नीट पाहिलं तर कोणी सरकलं नव्हतं. आमच्या दोन जागा तशाच मोकळ्या होत्या.

मी त्या जागेकडे निघालो. नानाने हात आडवा केला.

"तठे नही," तो म्हणाला. "शीव ओलांडी तुम्ही. ती मूठ गयी." मग त्याने पंगतीच्या अगदी टोकाला, ज्योतीच्या मांडीवरच्या बाळाच्याही पलीकडे, दोन पाट मांडलेले दाखवले. "आठे बसा. नवास्नामायक."

नव्या नावासारखं शेवटी बसायचं म्हणजे मला अपमान वाटायला हवा होता. वाटला नाही. राजदीप मुकाट जाऊन टोकाच्या पाटावर बसला, मी त्याच्या अलीकडे बसलो. मोकळ्या दोन जागा तशाच राहिल्या. पंगतीत कोणाचाच आकडा हलला नाही.

ताईबाई आली. जेवायच्या आधीचं इन्सुलिन घ्यायचं होतं. बाटली तिने नेहमीसारखी राजदीपकडे दिली. तिला बारीक दिसत नाही, म्हणून बाटली तोच पाहतो. त्याने ती दाराच्या उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली. कडेने एकदा, बुडाशी एकदा पाहिलं.

"काय व्हयनं?" तिने विचारलं. "खराब शे का?"

"नही माय. चांगलं शे. ले."

मग नानाने राजदीपच्या पानात रोट वाढला, वर तूप घातलं, आणि परत फिरला. जाता जाता मान न वळवता म्हणाला, "उरू देवानं नही. खाई ले."

राजदीपने तुकडा मोडला. एकेक घास तो पाण्याच्या घोटाबरोबर उतरवत होता. तरी तो खात राहिला.